लघुप्रबंधाचं दुसरं प्रकरण: साहित्याचा आढावा प्रत्यक्ष कसा घ्यायचा

सामाजिक शास्त्रांतल्या एम.ए.च्या लघुप्रबंधाचं दुसरं प्रकरण, म्हणजे त्या विषयावरच्या आधीच्या संशोधनाचा आढावा, उघडलं की बहुतेक वेळा एकच चाल ऐकू येते. ‘अमुक (१९९८) यांच्या मते…’, ‘तमुक (२००७) यांनी आपल्या अभ्यासात दाखवलं आहे की…’. एका पेपरला (म्हणजे शोधलेखाला) एक परिच्छेद, असे पंचवीस-तीस परिच्छेद, आणि शेवटी ‘यावरून या विषयावर अधिक संशोधनाची गरज दिसून येते’ हे ठरलेलं वाक्य. लिहिणाऱ्याने मेहनत केलेली असते, पेपर खरोखर वाचलेले असतात. पण ते वाचून त्याला काय कळलं, हे प्रकरणभर कुठे सापडत नाही.

एखाद्या प्रश्नावर अभ्यासकांचं कशावर जमतं, कशावर वाजतं आणि ते भांडण अजून का मिटलेलं नाही, हे वाचकाला दाखवणं हे आढाव्याचं काम. तुमचं संशोधन त्या भांडणात कुठे उभं राहणार, हेही त्यातूनच ठरतं. म्हणून प्रश्न ठरवण्यापासून संदर्भसूची जुळवण्यापर्यंत प्रत्येक टप्प्यावर स्वतःला एकच विचारत राहायचं: इथे वाद काय आहे?

सोयीसाठी पुढे सगळीकडे एकच उदाहरण घेऊ. नवरा-बायको दोघंही कमावतात अशा घरांत घरकामाची वाटणी कशावरून ठरते? समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि लिंगभाव अभ्यास अशा तिन्ही बाजूंनी यावर भरपूर लिहिलं गेलं आहे आणि या तिघांचं आपसात पटत नाही. शिकायला असं क्षेत्र चांगलं.

## विषयावरून प्रश्नाकडे

‘स्त्रिया आणि घरकाम’ हा विषय झाला. त्यावर जन्मभर वाचलं तरी संपणार नाही, कारण कुठे थांबायचं हे विषय सांगत नाही. ‘बायकोची कमाई नवऱ्यापेक्षा जास्त झाली तर घरकामाचे तास बदलतात का, आणि कोणाचे?’ हा प्रश्न झाला. आता समोर आलेला पेपर आपल्या कामाचा आहे की नाही, हे दोन मिनिटांत ठरवता येतं.

प्रश्न पक्का आहे का, हे पाहायची पहिली कसोटी अशी: त्याची किमान दोन उत्तरं शहाण्या माणसाला शक्य वाटतात का? ‘बेरोजगारीचा तरुणांवर परिणाम होतो का’ याला कोणीही ‘नाही’ म्हणणार नाही, त्यामुळे त्यात शोधण्यासारखं काही उरत नाही. दुसरी कसोटी व्यवहाराची. हाताशी असलेल्या वेळात, तुम्हाला खरोखर मिळू शकेल अशा माहितीतून उत्तर निघेल का? एम.ए.च्या पातळीवर जास्त प्रश्न या दुसऱ्या कसोटीवरच अडतात.

पहिला प्रश्न कच्चाच असतो आणि वाचन सुरू झालं की तो बदलतो. बदलू द्या. फक्त दर वेळी तारीख घालून नवा प्रश्न वहीत उतरवा आणि तो का बदलला हे खाली एका ओळीत लिहा. पद्धतीचं प्रकरण लिहिताना आणि तोंडी परीक्षेत याच ओळी कामी येतात. मार्गदर्शकांकडेही ‘सर, विषय सुचवा’ म्हणून जाऊ नये. दोन पर्यायी प्रश्न आणि प्रत्येकासाठी वाचलेले तीन-चार पेपर घेऊन गेलात, तर त्यांनाही बोलायला काहीतरी असतं.

## शोध कुठून सुरू करायचा

गूगल स्कॉलर उघडून चौकटीत विषय टाइप करणं हा सगळ्यांचा पहिला हात. त्यातून लाखभर निकाल निघाल्याचं दिसतं (प्रत्यक्षात एका शोधामागे पहिले १,०००च पाहता येतात) आणि त्यातलं कोणतं महत्त्वाचं हे नवशिक्याला कळायला मार्ग नसतो. त्यापेक्षा सुरुवात अशा लेखापासून करा, जो स्वतःच एक आढावा आहे. ‘ॲन्युअल रिव्ह्यू ऑफ सोशिऑलॉजी’ १९७५ पासून असेच लेख छापत आलं आहे. राज्यशास्त्र, मानववंशशास्त्र, मानसशास्त्र, अर्थशास्त्र यांसाठी त्याच मालिकेत वेगळी जर्नल्स आहेत. विषयवार हँडबुकांतली प्रकरणंही याच कामाची. अलीकडचा असा एक लेख सावकाश, हातात पेन्सिल घेऊन वाचला की क्षेत्रातली सात-आठ नावं, दोन-तीन वाद आणि तिथे चालणारी परिभाषा हाती येते.

परिभाषा हाती येणं सर्वांत महत्त्वाचं, कारण एकाच गोष्टीला प्रत्येक विद्याशाखेने वेगळं नाव दिलेलं असतं. घरकामावरचं इंग्रजी लेखन ‘हाउसवर्क’, ‘डोमेस्टिक लेबर’, ‘अनपेड केअर वर्क’, ‘डिव्हिजन ऑफ हाउसहोल्ड लेबर’ आणि ‘टाइम यूज’ अशा नावांखाली विखुरलेलं आहे. आर्ली हॉखशिल्ड यांचं पुस्तक १९८९ मध्ये आल्यापासून त्यात ‘सेकंड शिफ्ट’ची (नोकरीनंतर घरी सुरू होणारी कामाची दुसरी पाळी) भर पडली. एकच शब्द घेऊन बसलात तर एक आख्खी शाखा निसटते आणि ‘यावर कोणी लिहिलेलंच नाही’ असा गैरसमज होतो. म्हणून एका कागदावर प्रश्नातल्या प्रत्येक संकल्पनेला एक रकाना द्या (घरकाम, कमाई, जोडपं) आणि खाली मिळतील तितके पर्यायी शब्द लिहीत जा. वाचन पुढे सरकेल तसा हा कागद भरत जाईल.

आता शोधाचं तंत्र. दोन-तीन शब्द मिळून एक संज्ञा होत असेल तर ती दुहेरी अवतरणात टाका. पर्यायी शब्दांच्या मध्ये इंग्रजीतला ‘ऑर’ मोठ्या लिपीत लिहा. नको असलेल्या शब्दाआधी उणे चिन्ह द्या. अनेक डेटाबेसांत शब्दाच्या मुळापुढे तारांकन दिलं की त्याची सगळी रूपं सापडतात. गूगल स्कॉलरमध्ये ही सोय नाही. ग्रंथालयाने स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स हे सशुल्क डेटाबेस घेतले असतील तर तिथेही तोच शोध करून पाहा. जेस्टोर हा जर्नल्सचा ऑनलाइन साठा जुन्या अंकांसाठी उत्तम आहे, पण त्यावर कित्येक जर्नल्सचे शेवटच्या काही वर्षांचे अंक नसतात. केवळ त्यावर विसंबलेला आढावा म्हणूनच शिळा दिसतो.

कीवर्डने सापडतं त्यापेक्षा चांगलं साहित्य संदर्भांचा माग काढून सापडतं. एक महत्त्वाचा पेपर मिळाला की आधी मागे जा: त्याच्या संदर्भसूचीत कोण आहे? मग पुढे या: त्याला नंतर कोणी उद्धृत केलं? पुढे येण्याची ही युक्ती युजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये विज्ञानासाठी काढलेल्या उद्धरण-सूचीतून आली. आज गूगल स्कॉलरमध्ये प्रत्येक निकालाखाली ‘सायटेड बाय’ असा दुवा असतो. त्यावर क्लिक केलं की वर एक छोटी चौकट दिसते, केवळ उद्धृत करणाऱ्या लेखांमध्येच शोधण्याची. दोन हजार उद्धरणं असलेल्या जुन्या लेखातून आपल्याला हवे ते पंधरा पेपर गाळून काढायला याहून सोपा मार्ग नाही. ही चौकट फार थोडे विद्यार्थी वापरतात, याचं मला कायम नवल वाटतं.

पेपर पैशांच्या कुंपणाआड असेल तर लगेच हात टेकू नका. निकालाखालच्या ‘ऑल व्हर्जन्स’मध्ये पाहा. ब्राउझरमध्ये अनपेवॉल बसवा. कायदेशीर मोफत प्रत असेल तर ते दाखवतं. लेखकाचं विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचं पान आणि सोसआर्काइव्हसारखे पूर्वमुद्रणांचे (जर्नलमध्ये छापण्याआधीच्या मसुद्यांचे) साठे तपासा. तरीही नाही मिळाला तर लेखकाला चार ओळींचा नम्र ईमेल करा. आपलं लेखन कोणीतरी वाचू पाहतंय याचा अभ्यासकांना आनंदच होतो.

या सगळ्याची नोंद ठेवा: तारीख, डेटाबेस, नेमके कोणते शब्द टाकले, किती निकाल आले, किती निवडले. वैद्यकीय आणि धोरणविषयक संशोधनातल्या पद्धतशीर आढाव्यांसाठी ‘प्रिझ्मा’ ही नियमावली आहे (२००९ ची, २०२० मध्ये सुधारलेली). एम.ए.च्या विद्यार्थ्याने ती पूर्ण पाळायची गरज नाही, पण शोधाची वही ठेवण्याची शिस्त तिथून उचलावी. दोन महिन्यांनी तोच शोध पुन्हा करताना पश्चात्ताप होत नाही.

## चाळणी

शीर्षक आणि गोषवारा वाचून तीन गठ्ठे करा: नक्की, कदाचित, नको. ‘कदाचित’चा गठ्ठा फुगायला लागला, तर प्रश्न अजून सैल आहे असं समजा.

जर्नलबद्दल शंका आली तर साधे प्रश्न विचारा. संपादक मंडळातली माणसं खरोखर त्या विषयातली आहेत का? लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतला जातो का, की पैसे भरले की आठवड्यात छापून येतो? एकाच अंकात पशुवैद्यक, व्यवस्थापन आणि लोकसाहित्य शेजारीशेजारी असेल तर दूर राहा. मुक्त प्रवेशाचं जर्नल असेल तर ते ‘डोआज’ या सूचीत आहे का पाहा. आणि महत्त्वाच्या प्रत्येक पेपरबाबत तो मागे घेतला गेलेला तर नाही ना, हे रिट्रॅक्शन वॉचच्या डेटाबेसमध्ये तपासा. मागे घेतलेले पेपर पुढेही वर्षानुवर्षं उद्धृत होत राहतात.

नामांकित जर्नलमध्ये छापलं म्हणजे निष्कर्ष पक्का, असंही नाही. २०१५ मध्ये मानसशास्त्रातल्या १०० प्रकाशित अभ्यासांची पुनरावृत्ती करून पाहिली गेली. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता न येणारे, होते. पुनरावृत्तीत हे प्रमाण ३६ टक्के निघालं. तुमच्या आढाव्यातला एखादा मोठा मुद्दा एकाच छोट्या नमुन्याच्या अभ्यासावर टेकलेला असेल, तर वाक्य त्या मानाने जपून लिहा.

## पेपर वाचायचा कसा

पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ वाचत जाणं ही सर्वांत मंद पद्धत. आधी गोषवारा, मग प्रस्तावनेचा शेवटचा भाग (लेखक आपला दावा बहुधा तिथे सांगतो), मग तक्ते आणि आकृत्या, मग निष्कर्ष. एवढ्यावर पंधरा-वीस मिनिटं जातात आणि गठ्ठ्यातल्या निम्म्या पेपरांसाठी तेवढं पुरतं. उरलेल्यांतले जे तुमच्या वादाच्या मध्यावर आहेत, असे दहा-बारा पेपर मात्र पूर्ण वाचा, शक्यतो दोनदा, आणि पद्धतीचा भाग टाळू नका.

पद्धतीच्या भागात काय पाहायचं? माहिती कोणाकडून, कधी, कशी गोळा केली. मुख्य संकल्पना मोजली कशी. तुलना कोणाची कोणाशी आहे. लेखकाने सांगितलेलं कारण सोडून दुसरं काही कारण असू शकेल का, आणि ते वगळायला त्याने काय केलं. गुणात्मक अभ्यास असेल तर मुलाखती कोणी घेतल्या, किती वेळ, कुठे, आणि मुलाखत घेणाऱ्याचं तिथलं स्थान काय होतं.

मोजमापाचा मुद्दा आपल्या उदाहरणात नीट दिसतो. घरकामाचे तास दोन तऱ्हांनी मोजले जातात. एक, प्रश्नावलीत ‘आठवड्यात तुम्ही किती तास घरकाम करता?’ असं थेट विचारून. दोन, दिवसभराची वेळ-डायरी भरून घेऊन. थेट विचारलं की लोक साधारणपणे जास्त तास सांगतात, डायरीत ते कमी भरतात. त्यामुळे दोन पेपरांचे निष्कर्ष वेगळे आले, तर तो समाजातला फरक आहे की मापाचा, हे ठरवल्याशिवाय त्यांना आमनेसामने उभं करता येत नाही. पद्धतीचा भाग ज्याने वाचला नाही, त्याला हा फरक दिसणारच नाही.

सिद्धांतपर लेखन वेगळ्या तऱ्हेने वाचावं लागतं. तिथे तक्ते नसतात. लेखक कोणाविरुद्ध लिहितोय, कोणत्या संकल्पनेची जुनी व्याख्या मोडतोय आणि त्याचं म्हणणं मान्य केलं तर प्रत्यक्ष पाहणीत काय वेगळं दिसायला हवं, हे तीन प्रश्न धरून वाचा.

## नोंदी आणि तक्ता

संदर्भ सांभाळायला झोटेरो वापरा. ते मोफत आहे, २००६ पासून चालू आहे, आणि वर्डमध्ये उद्धरण टाकून सूची आपोआप बनवतं. मात्र इंटरनेटवरून ओढलेल्या नोंदीत लेखकाचं नाव उलटं, वर्ष गायब, शीर्षक पूर्ण मोठ्या लिपीत असले घोटाळे असतात. पेपर साठवतानाच दुरुस्त करा. शेवटच्या रात्री दीडशे नोंदी दुरुस्त करणं ही शिक्षा आहे.

नोंद घेताना तीन गोष्टी दिसायलाच वेगळ्या ठेवा: लेखकाचे जसेच्या तसे शब्द (अवतरण चिन्हात, पान क्रमांकासह), लेखकाचं म्हणणं तुमच्या शब्दांत (यालाही पान क्रमांक), आणि तुमचं स्वतःचं मत. रंग वापरा, चिन्हं वापरा, काहीही चालेल. वाङ्मयचौर्याची बरीच प्रकरणं चोरीच्या हेतूने घडत नाहीत. सहा महिन्यांपूर्वीच्या नोंदीतलं वाक्य आपलं की लेखकाचं, हेच आठवेनासं होतं आणि ते तसंच प्रबंधात उतरतं. पेपर मिटून, आठवणीतून सार लिहिलं की ही अडचण बरीचशी टळते. जे समजलेलं नसतं ते लिहिताच येत नाही, हा वरचा फायदा.

जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लुमान यांनी आयुष्यभरात सुमारे ९०,००० चिठ्ठ्यांवर नोंदी केल्या आणि प्रत्येक चिठ्ठी इतर चिठ्ठ्यांना क्रमांकाने जोडली. त्यांचं नाव घेऊन आजकाल नोंदींची ॲप्स विकली जातात आणि विद्यार्थी वाचण्यापेक्षा ॲप सजवण्यात रमतात. एका लघुप्रबंधासाठी साधी एक्सेल पुरे.

त्या एक्सेलमध्ये एका ओळीत एक पेपर. रकाने असे: लेखक आणि वर्ष, प्रश्न, सैद्धांतिक भूमिका, माहिती कुठली आणि कधीची, मुख्य संकल्पना कशी मोजली, निष्कर्ष एका वाक्यात, कोणाशी सहमत, कोणाशी भांडण, माझी शंका, माझ्या प्रश्नाशी संबंध. शेवटचे चार रकाने भरायला कंटाळा येतो आणि बहुतेक जण ते रिकामे सोडतात. पण आढावा लिहिला जातो तो याच चार रकान्यांतून. त्याआधीचे सहा रकाने तर गोषवाऱ्यातही सापडतात.

## मूळ लेखापर्यंत जा

सामाजिक शास्त्रांत काही गोष्टी इतक्या वेळा उद्धृत होतात की त्या कुठून आल्या हे कोणी पाहतच नाही. मानसशास्त्रज्ञ मॅस्लो यांचा माणसाच्या गरजांचा पिरॅमिड प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. १९४३ चा त्यांचा मूळ लेख उघडून पाहा, त्यात पिरॅमिड नाही. तो नंतर व्यवस्थापनावर लिहिणाऱ्यांनी काढला, आणि चित्रातून जो कडकपणा आला (खालची पायरी पूर्ण झाल्याशिवाय वरची नाहीच) तो मूळ लेखात तसा नाही. एखादी गरज अंशतः भागली तरी पुढची जागी होते, असंच मॅस्लो लिहितात.

दुसरं उदाहरण याहून बोलकं आहे. मार्च १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून झाला. ३८ जण अर्ध्या तासाहून अधिक काळ पाहत राहिले आणि एकानेही पोलिसांना कळवलं नाही, अशी बातमी न्यूयॉर्क टाइम्सने छापली. बघ्यांच्या निष्क्रियतेवरच्या संशोधनाची गोष्ट पाठ्यपुस्तकं इथूनच सुरू करतात. २००७ मध्ये मॅनिंग, लेव्हिन आणि कॉलिन्स यांनी खटल्याची कागदपत्रं आणि इतर पुरावे तपासले, तर ३८ जण पाहत निष्क्रिय बसले याला आधारच सापडला नाही. पुढे त्या वृत्तपत्रानेही आपलं वार्तांकन सदोष होतं हे मान्य केलं. इथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घ्यावी: डार्ली आणि लाताने यांनी १९६८ मध्ये प्रकाशित केलेले बघ्यांच्या निष्क्रियतेवरचे प्रयोग यामुळे खोटे ठरत नाहीत, ते स्वतंत्र पुराव्यावर उभे आहेत. कोसळली ती त्यांच्या आधी सांगितली जाणारी गोष्ट. चांगला आढावा हे दोन्ही वेगळं करून दाखवतो.

विद्यार्थ्याने मूळ माहितीपर्यंत जाण्याचं याहून मोठं फळही मिळालेलं आहे. देशाचं सार्वजनिक कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की आर्थिक वाढ खुंटते, असं रेनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये मांडलं. काटकसरीच्या धोरणांच्या समर्थनासाठी जगभर त्याचा आधार घेतला गेला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्नडन हा पीएचडीचा विद्यार्थी एका वर्गातल्या असाइनमेंटसाठी तेच आकडे पुन्हा काढू लागला आणि ते जुळेनात. लेखकांची मूळ एक्सेल मिळवल्यावर दिसलं की एका सूत्रातून पाच देश सुटले होते. त्याशिवाय काही वर्षांची माहिती वगळण्याबद्दल आणि सरासरी काढण्याच्या रीतीबद्दलही आक्षेप निघाले. या जास्त कर्जाच्या गटाची सरासरी वाढ मूळ पेपरमध्ये उणे ०.१ टक्के होती. हर्नडन आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी २०१३ मध्ये केलेल्या फेरमांडणीत ती २.२ टक्के आली.

प्रत्येक संदर्भासाठी एवढं खोदणं शक्य नाही, पण तुमच्या युक्तिवादाचा भार ज्या चार-पाच लेखांवर आहे ते मूळ स्वरूपात वाचलेलेच हवेत. एखादा जुना लेख खरोखर मिळालाच नाही, तर ‘अमुक यांनी उद्धृत केल्यानुसार’ असं प्रामाणिकपणे लिहा. न वाचलेला लेख वाचल्यासारखा सूचीत टाकू नका. परीक्षकाने तो वाचलेला असतो.

## वाद मांडायचा कसा

आता तक्ता भरला आहे असं धरू आणि घरकामाच्या प्रश्नावर त्यातून काय उभं राहतं ते पाहू.

एक बाजू अर्थशास्त्राची. गॅरी बेकर यांच्या मांडणीनुसार कुटुंब कामाची विभागणी कार्यक्षमतेने करतं: बाजारात ज्याची कमाई जास्त तो बाजारातलं काम करतो, दुसरा घरातलं. याला जवळची, पण सत्तेच्या भाषेत बोलणारी मांडणी म्हणते की जो जास्त पैसे आणतो त्याची घासाघीस करण्याची ताकद वाढते आणि तो नकोसं काम दुसऱ्यावर ढकलतो. दोन्हींचं भाकीत एकच आहे: बायकोची कमाई वाढली की तिचं घरकाम घटावं, नवऱ्याचं वाढावं.

ज्युली ब्राइन्स यांनी १९९४ मध्ये अमेरिकेतल्या माहितीवरून दाखवलं की नवरे या भाकिताप्रमाणे वागत नाहीत. बायकोच्या कमाईवर अधिकाधिक अवलंबून असलेले नवरे घरकाम उलट कमी करताना दिसले. स्पष्टीकरणासाठी आधार घेतला गेला तो कँडेस वेस्ट आणि डॉन झिमरमन यांच्या १९८७ च्या मांडणीचा: लिंगभाव हा माणसाचा गुणधर्म नसून रोजच्या वागण्यातून तो ‘केला’ जातो. कमाईत पुरुषपण डळमळलं की ते घरकाम टाळून सावरलं जातं. २००३ मध्ये बिटमन आणि सहकाऱ्यांना ऑस्ट्रेलियातल्या माहितीत असाच वळसा बायकांच्या बाजूने दिसला: कमाईतला वाटा बरोबरीपर्यंत येईतो त्यांचं घरकाम घटतं, त्यापुढे पुन्हा वाढतं.

इथे कथा संपली असती तर आढावा सोपा होता. पण २००७ मध्ये संजीव गुप्ता यांनी मोजपट्टीच बदलली. नवऱ्याच्या तुलनेत किती, हे बाजूला ठेवून बायकोची स्वतःची निव्वळ कमाई पाहा, असं ते म्हणाले. तिच्या घरकामाच्या तासांचं भाकीत त्यावरून जास्त चांगलं होतं. म्हणजे ‘वळसा’ हा तुलना कशी मांडली याचा परिणाम असू शकतो. ओरियल सुलिव्हान यांनी २०११ मध्ये तोवरच्या पुराव्याची उलटतपासणी करून, तो भासतो तितका भक्कम नाही असं सांगितलं.

ही मांडणी वर्षांच्या क्रमाने जाते आहे असं वाटलं तरी तिचा कणा कालक्रम नाही. प्रत्येक परिच्छेद आधीच्या परिच्छेदातल्या एका दाव्याला उत्तर देतो. तुमच्या क्षेत्रात हा कणा सिद्धांतांचा असेल, पद्धतींचा असेल किंवा संकल्पनेच्या व्याख्येचा. तो कोणता हे शोधायला तक्त्यातला ‘कोणाशी भांडण’ हा रकाना छापून घ्या आणि पेपरांची नावं कागदावर बाणांनी जोडून पाहा. जिथे बाणांची गर्दी होते तिथे उपशीर्षक येतं. ज्या पेपरला एकही बाण नाही, तो बहुधा तुमच्या आढाव्यात नकोच.

## ‘पोकळी’ची भानगड

‘या विषयावर आतापर्यंत कोणीही संशोधन केलेलं नाही’ हे वाक्य खोडून टाका. एक तर ते बहुतेक वेळा खोटं असतं. खरं असलं तरी पुरेसं नसतं, कारण कित्येक गोष्टींवर कोणी काम केलेलं नसतं ते त्यात काही नसतं म्हणून. ‘आमच्या भागात असा अभ्यास झालेला नाही’ हेही तसंच. तुमच्या भागात उत्तर वेगळं येईल असं मानायला सैद्धांतिक कारण काय, ते सांगा. मग ती पोकळी ठरते. उदाहरणार्थ, वरचे सगळे अभ्यास पती-पत्नीच्या जोडीला धरून आहेत. घरात तिसरी प्रौढ व्यक्ती असेल आणि घरकाम दोघांच्या घासाघिशीतून ठरतच नसेल, तर कमाईचा आणि लिंगभावाचा अशा दोन्ही सिद्धांतांचं भाकीत काय होईल? हा प्रश्न वादातूनच निघाला आहे, म्हणून त्याला वजन आहे.

लघुप्रबंधासाठी पोकळी छोटीच असावी. दोन सिद्धांतांपैकी कोणता एका विशिष्ट परिस्थितीत लागू पडतो, एवढं तपासलं तरी भरपूर झालं.

## लिहिताना

परिच्छेदाचं पहिलं वाक्य लेखकाच्या नावाने सुरू होत असेल तर थांबा आणि ते दाव्याने सुरू करता येतं का पाहा. ‘ब्राइन्स (१९९४) यांनी जोडप्यांचा अभ्यास केला’ याऐवजी ‘कमाई वाढली की घरकाम घटतं हा नियम पुरुषांना लागू पडत नाही, असं काही अभ्यासांत दिसलं आहे (ब्राइन्स, १९९४)’. नाव कंसात गेलं, मुद्दा पुढे आला. सगळीच नावं कंसात घालायची असं नाही. जिथे त्या व्यक्तीची भूमिका हाच मुद्दा आहे तिथे नाव बाहेरच हवं.

क्रियापद जपून निवडा. ‘सिद्ध केलं’ हे सामाजिक शास्त्रांत जवळजवळ कधीच वापरू नये. पुरावा असेल तर ‘दाखवलं’, संकेत असेल तर ‘सुचवलं’, युक्तिवाद असेल तर ‘मांडलं’, आणि तुम्हाला पटलेलं नसेल तर ‘असा त्यांचा दावा आहे’.

प्रत्येक उपविभागाच्या शेवटी तुमचा निवाडा यायला हवा. विद्यार्थी इथे कचरतात: एवढ्या मोठ्या अभ्यासकांमध्ये मी कोण बोलणारा? पण कोणता पुरावा अधिक भक्कम आणि का, हे दोन वाक्यांत सांगणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. परीक्षक नेमकं तेच शोधत असतात.

चॅटबॉटबद्दल एवढंच: पर्यायी कीवर्ड सुचवायला, संख्याशास्त्रातली एखादी संज्ञा सोप्या भाषेत समजून घ्यायला तो चालेल. संदर्भ मात्र त्याच्याकडून मागू नका. खऱ्या लेखकांची नावं, खरं जर्नल, पटण्याजोगं शीर्षक, पान क्रमांक असा पूर्ण संदर्भ तो तयार करतो आणि असा पेपर अस्तित्वातच नसतो. कुठूनही आलेला संदर्भ असो, त्याचा डीओआय (लेखाचा कायमचा ओळख-क्रमांक) doi.org या संकेतस्थळावर टाकून पेपर प्रत्यक्ष उघडा. विद्यापीठाचा या साधनांबाबतचा नियमही आधीच विचारून घ्या.

वाचन थांबवायचं कधी? नव्या पेपरांच्या संदर्भसूच्यांत ओळखीचीच नावं दिसू लागली आणि तक्त्यात नवी ओळ भरूनही बाणांचं चित्र बदलेनासं झालं, की थांबा. लिहायला मात्र त्याआधीच बसा. दहा पेपर झाले की दोन पानांचा कच्चा मसुदा करा. काय वाचायचं राहिलंय हे लिहिताना जितकं कळतं, तितकं वाचताना कळत नाही.

मसुदा पूर्ण झाला की मजकुरातलं प्रत्येक नाव सूचीत आहे का आणि सूचीतलं प्रत्येक नाव मजकुरात आहे का, हे दोन्ही बाजूंनी ताडून पाहा. मग तो बाजूला ठेवा आणि क्षेत्रकाम किंवा विश्लेषण झाल्यावर पुन्हा उघडा. तुमचे निष्कर्ष हाती आल्यावर आढाव्यातला एखादा वाद बिनकामाचा ठरलेला असेल, तर तो काढून टाका, कितीही कष्टाने लिहिलेला असला तरी. आणि निष्कर्षांच्या चर्चेत ज्यांच्याशी तुम्ही बोलणार आहात असे दोन-तीन लेख आढाव्यात आलेच नसतील, तर ते आत्ता आत घ्या.